तीन ओळींचा अहवाल

शब्दांच्याही बदल्या होत असतात. एका खात्यात वर्षानुवर्षे सभ्यपणे नांदलेला शब्द दुसऱ्या खात्यात रुजू झाला, की तेथे तो निराळाच अधिकार गाजवू लागतो. 'निकाल' हा शब्द शाळेत पेढे वाटायला लावतो, न्यायालयात छातीत धडकी भरवतो, आणि घरात एखाद्या वस्तूचा 'निकाल लागला' असे कोणी म्हटले, तर ती वस्तू केराच्या टोपलीत शोधावी लागते. इंग्रजीतून येऊन आता पुरता घरचा झालेला 'पॉझिटिव्ह' हा शब्द असाच आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत त्याने घराघरांची दारे बंद करविली. कोणी 'पॉझिटिव्ह' निघाला, की शेजारी खिडकीतून चौकशी करीत आणि दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून काढता पाय घेई. त्या दिवसांची शिकवण मनात ताजी असताना गेल्या आषाढात आमच्या थोरल्या बहिणीच्या तपासणीचा अहवाल हाती आला, आणि त्यात तो शब्द लागोपाठ दोनदा छापलेला होता. अक्का त्यापुढे काही वाचू शकली नाही.

अक्का मिरजेची. वय शेहेचाळीस, आमच्याहून आठ वर्षांनी वडील. आई लवकर गेली, तेव्हापासून आमच्या शाळेच्या डब्यापासून पदवीपरीक्षेच्या शुल्कापर्यंत सारे तिनेच पाहिले. स्नानाच्या वेळी डाव्या स्तनात गाठ लागल्याचे तिने दोन महिने कोणास सांगितले नव्हते. कळल्यावर दाजींनी फार विचार न करता तिला राणी चन्नम्मा गाडीत बसविले आणि आमच्या हवाली केले. मिरजेस इस्पितळांची वाण आहे असे नव्हे. पण दुखणे मोठे असले की माणसाला आपले माणूस जवळ लागते, आणि तिचे माणूस, पोटापाण्याच्या खटपटीत, बेंगळूरच्या जयनगरात येऊन पडलेले.

जयनगर ही वसाहत १९४८ सालची. येथील पत्त्यात ब्लॉक, मेन आणि क्रॉस असे आकडे ओळीने येतात. आमच्यासारख्या कारकुनाला तो जावक क्रमांकच वाटतो. पर्जन्यवृक्षांच्या सावलीतून फिरताना हे सुखवस्तू, निवृत्त माणसांचे गाव आहे असे कोणासही वाटावे. परंतु १९७३ साली स्थापन झालेली किदवई स्मारक कर्करोग संस्था येथून फार दूर नाही. त्यामुळे क्ष-किरणांची मोठी पाकिटे छातीशी धरून रस्ता विचारणारी खेड्यापाड्यांतील माणसे या बाजूस नित्य भेटतात. एरवी आम्ही त्यांस रस्ता दाखवून पुढे जात असू.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. काखेतील गाठींपर्यंत रोग पोचलेला नव्हता. काढलेला भाग तपासणीस गेला आणि तो तीन ओळींचा अहवाल आला. योगायोग असा, की आमच्या समोरच्या घरातील कन्नड शिक्षिकांनाही त्याच पंधरवड्यात हाच रोग निघाला होता आणि सुईने काढलेल्या तुकड्याचा अहवाल त्यांच्याही हाती होता. मिरजेच्या बाजारात वाढलेल्या माणसाला कामापुरते कन्नड येतेच. तेवढ्या भांडवलावर दोघींचे गूळपीठ जमले होते. संध्याकाळी बाई आमच्याकडे आल्या. जेवणाच्या मेजावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले गेले. अक्काच्या कागदावर पॉझिटिव्ह, पॉझिटिव्ह, निगेटिव्ह. बाईंच्या कागदावर तिन्ही ओळींत निगेटिव्ह. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी अक्काचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अक्का, देवाने मला सोडवले, तसा तो तुम्हालाही सोडवील."

आमच्या डॉक्टरांनी त्या ओळींचा अर्थ आम्हांस सकाळीच सांगितला होता. आम्ही गप्प बसलो. अक्काला धीर देणारे प्रत्येक वाक्य बाईंच्या पायाखालची जमीन काढून घेणारे होते. बाई चहा घेऊन हसतमुखाने घरी गेल्या; मग दिवे मालवण्यापूर्वी आम्ही अक्काला हलक्या आवाजात सांगितले, की हा पॉझिटिव्ह निराळा आहे, याला भिऊ नकोस. "मग त्यांचा निगेटिव्ह?" तिने लगेच विचारले. माणूस स्वतःच्या दुखण्यात बुडालेला असताना दुसऱ्याचा प्रश्न आधी विचारू शकतो, हे आम्ही त्या रात्री पाहिले.

त्यानंतर कचेरीतून आल्यावर रोज तास-दीड तास या विषयावरील जे सापडेल ते वाचण्याचा आम्ही परिपाठ ठेवला. आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. परंतु फाइल कितीही किचकट असली, तरी पहिल्या पानापासून टिपणे वाचीत गेले की प्रकरण उलगडते, एवढा विश्वास नोकरीने दिलेला आहे.

या फाइलीचे पहिले पान १८९६ सालचे. दुभत्या जनावरांत दूध आणि अंडाशय यांचा काही संबंध असतो हे ध्यानात घेऊन ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग बळावलेल्या स्त्रियांची अंडाशये काढून पाहिली. काहींच्या गाठी आश्चर्यकारक रीतीने विरल्या. पुढे इतरांनीही तसे केले, तेव्हा ढोबळ मानाने तिघींतील एकीस गुण येतो आणि दोघींस येत नाही असे दिसले. का येत नाही, हे साठ वर्षे कोणास सांगता आले नाही. शिकागोच्या एल्वुड जेन्सेन यांनी किरणोत्सारी द्रव्याची खूण लावलेले इस्ट्रोजेन वापरून शोध घेतला, तेव्हा हे संप्रेरक काही विशिष्ट पेशींतच जाऊन टिकून राहते आणि तेथे त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन असते, हे उघडकीस आले. त्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. कुलूप आणि किल्ली ही उपमा डॉक्टरांचीच. ज्या कर्कपेशींत हे कुलूप असते, त्या इस्ट्रोजेनच्या किल्लीने वाढीस लागतात. म्हणूनच ती किल्ली अडविता येते. अहवालातील पहिली ओळ या कुलपाची, दुसरी प्रोजेस्टेरॉन नामक संप्रेरकाच्या कुलपाची, आणि तिसरी पेशीच्या पृष्ठभागावरील हर-२ या प्रथिनाची, जे अतोनात झाले तर पेशीला वाढीची सतत चिथावणी देते. 'पॉझिटिव्ह' याचा अर्थ एवढाच, की औषधाने जेथे पकड घ्यावी अशी एक जागा सापडली आहे.

परंतु हे सारे पेशींच्या तोंडून वदवून घ्यायचे, तर पेशी शरीराबाहेर जगवाव्या लागतात. येथे आम्हांस एक मराठी नाव भेटले आणि वाचनाला घरचा सूर लागला.

कमल समर्थ यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. हुजूरपागेत आणि मग फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण. वडील तेथेच जीवशास्त्राचे अध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलीने वनस्पतिशास्त्र घेतले. १९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. मग त्या बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्याकडे पेशी-संवर्धनाची विद्या शिकल्या. हेन्‍रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी १९५१ साली काचपात्रात अखंड वाढू लागल्या आणि 'हेला' या नावाने जगभर गेल्या, ती हीच प्रयोगशाळा. त्या पेशी घेताना तिची अनुमती घेतलेली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. विज्ञानाच्या फाइलीत असे बिनसहीचे कागद पुष्कळ आहेत.

रणदिवेबाई परतल्या त्या ही विद्या परळला रुजविण्यासाठी. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशी-संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली; देशात अशी ती पहिली मानली जाते. त्यांचा स्वतःचा विषय स्तनाचा कर्करोग. या रोगास कमीअधिक बळी पडणारे उंदरांचे वंश घेऊन त्यांनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे परस्परसंबंध तपासले. उंदरांत हा रोग आईच्या दुधातून पिल्लांत उतरतो हे जॉन बिटनर यांनी १९३६ साली दाखविले होते आणि पुढे तो विषाणूच ठरला. तेव्हा माणसांतही तसेच असेल काय, असा प्रश्न उभा राहणे क्रमप्राप्त होते. मुंबईच्या पारशी स्त्रियांत हा रोग अधिक आढळे. १९७१ साली अमेरिकन व मुंबईच्या संशोधकांनी मिळून त्यांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण पाहिल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. मानवी स्तनकर्करोग अशा विषाणूने होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही. पण ही वाट चालून पाहिल्याखेरीज ती बंद आहे असे तरी कोण म्हणू शकला असता? रणदिवेबाईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या वारल्या. आमच्या शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्यावर एकही धडा नव्हता.

पेशी-संवर्धन म्हणजे एक प्रकारचे बाळंतपणच. शरीराइतकी ऊब, ठरावीक प्रमाणात कार्बन डायऑक्साइड, वासराच्या रक्तातील जल मिसळलेला पोषक रस; दर दोनतीन दिवसांनी तो बदलायचा आणि दाटी झाली की पेशींना नव्या पात्रात बिऱ्हाड करून द्यायचे. रविवार आणि राजपत्रित सुट्ट्या त्यांस मान्य नसतात. एवढे करूनही स्तनाच्या पेशी दीर्घकाळ टिकेनात. अखेर १९७० साली अमेरिकेतील मिशिगन येथे, वारंवारच्या प्रयत्नांनंतर, एका जोगिणीच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातील कर्कपेशींनी तग धरला. सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस हे तिचे नाव. ती त्याच वर्षी निवर्तली. तिच्या पेशी एमसीएफ-७ या नावाने आजही जगातील असंख्य प्रयोगशाळांत वाढत आहेत, आणि आमच्या या बेंगळुरातही आहेत.

या पेशींत इस्ट्रोजेनचे कुलूप भरपूर होते. पुढे मार्क लिपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे करून पाहिले, ते आम्हांस या साऱ्या वाचनातील सर्वांत सुंदर पान वाटले. पेशींना इस्ट्रोजेन दिले, त्या जोमाने वाढल्या. टॅमॉक्सिफेन नावाचे औषध दिले, वाढ थांबली. त्याच पात्रात पुन्हा भरपूर इस्ट्रोजेन घातले, वाढ पुन्हा सुरू. कुलपात खोटी किल्ली अडकवून खरीला मज्जाव करायचा, आणि खऱ्या किल्ल्यांची संख्या वाढली की दार पुन्हा उघडायचे. इतके स्वच्छ उत्तर सरकारी पत्रव्यवहारात आम्हांस कधी मिळालेले नाही. उलट १९७३ साली ह्यूस्टन येथे दुसऱ्या एका स्त्रीच्या पेशींपासून एमडीए-एमबी-२३१ नावाचा वंश तयार झाला. त्यात तिन्ही कुलपे नाहीत. टॅमॉक्सिफेनच्या या पत्राला त्या पेशी उत्तरच देत नाहीत. बाईंच्या अहवालातील तीन 'निगेटिव्ह' याच जातीचे.

बाईंना हे त्यांच्या डॉक्टरांकडून चार दिवसांनी कळले. शस्त्रक्रियेपूर्वी सलाइनवाटे तीव्र औषधे द्यायची असे ठरले. तिसऱ्या आठवड्यात केस गेले. डोक्याला सुती रुमाल बांधून त्या पहाटे फिरायला निघू लागल्या. एकदा फाटकाशी गाठ पडली, तेव्हा म्हणाल्या, "सार, त्या संध्याकाळी तुम्हाला ठाऊक होते ना?" आम्ही होय म्हटले. त्या थोडा वेळ झाडाकडे पाहत राहिल्या. "बरे केलेत. तेवढी एक संध्याकाळ मिळाली," असे म्हणून चालू लागल्या.

इकडे अक्काच्या मनात निराळेच वादळ उठले होते. तिला डॉक्टरांनी रोज एक टॅमॉक्सिफेनची गोळी, पाच वर्षे, एवढेच लिहून दिले होते. एक दिवस तिने पानावरून उठून विचारले, "यांनी आणि तू मिळून काय ठरवले आहेत ते एकदा सांगून टाका. समोरच्या बाईंना बाटल्यांमागून बाटल्या लावतात, आणि मला ही डाळीएवढी गोळी. पैसे संपले, की डॉक्टरांची आशा संपली?"

ज्या बहिणीने आपल्या बांगड्या मोडून आमचे शुल्क भरले, तिला असे वाटावे! पण रागावण्यात अर्थ नव्हता. औषध स्वस्त म्हणजे उपचार हलका, हा समज साऱ्या देशाचा आहे. आम्ही तिला गोळीची कुळकथा सांगितली. १९६२ साली इंग्लंडातील एका औषध कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने हे द्रव्य सिद्ध केले, ते संततिप्रतिबंधासाठी. उंदरांत ते चालले. स्त्रियांत मात्र त्याचा परिणाम उलटा, म्हणजे गर्भधारणेस अनुकूल होई. अडगळीत पडायचे ते मँचेस्टरच्या कर्करोग रुग्णालयात पोचले आणि १९७१ साली त्याच्या गुणाची पहिली वार्ता प्रसिद्ध झाली. पुढे हजारो स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून पाहिले, तेव्हा ज्यांच्या गाठीत कुलूप होते, त्यांनी पाच वर्षे ही गोळी घेतल्यास पुढील पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटलेले आढळले. ज्यांच्या गाठीत कुलूप नव्हते त्यांना काहीच लाभ नव्हता. "म्हणजे ही गोळी त्यांना दिली तर फुकट?" अक्का म्हणाली. फुकट. "आणि त्यांच्या बाटल्या मला?" तुझी गाठ लहान, काखेत काही नाही, तुला त्यांचा लाभ थोडा आणि जाच पूर्ण.

स्वस्त उपायाची गोष्ट निघाली म्हणून मुंबईचेच दुसरे उदाहरण तिला दिले. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला धक्का लागून पेशी सैल होत असाव्यात, अशा तर्काने टाटा स्मारकाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी, दात काढताना देतात ते लिडोकेन गाठीभोवती टोचून, काही मिनिटांनी शस्त्रक्रिया करून पाहिली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १५८३ स्त्रिया होत्या. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण टोचलेल्या गटात शेकडा ९०.१, न टोचलेल्या गटात ८६.४. औषधाची किंमत किरकोळ. अक्काने आकडे दोनदा विचारले, बोटांवर वजाबाकी केली आणि पाण्याचा पेला मागितला. गोळी त्या दिवसापासून विनातक्रार सुरू झाली.

सगळेच पान तिला वाचून दाखविण्यासारखे नव्हते. काचपात्रातील पेशी म्हणजे स्त्री नव्हे. तिला रक्त नाही, यकृत नाही, मिरजेत वाट पाहणारे घर नाही. आणि त्याच पात्रात पेशींना महिनोन्महिने टॅमॉक्सिफेनमध्येच वाढविले, तर काही पेशी त्यालाही सरावतात. कुलूप असलेला रोग दहा, पंधरा, वीस वर्षांनीही परतू शकतो. त्या मानाने तिन्ही नकारांच्या रोगाचे भय बहुतांशी पहिल्या पाच वर्षांतले, आणि तीव्र औषधांना तो पुष्कळदा अधिक चांगला वितळतो. म्हणजे त्या संध्याकाळी मेजावर पडलेल्या कागदांत एक शुभ आणि एक अशुभ, असा हिशेबही पुरता खरा नव्हे.

आमच्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक अन्नपूर्णी रंगराजन आणि त्यांचे विद्यार्थी या पेशींच्या एका खोडीचा अभ्यास करीत आले आहेत. सामान्य पेशी आपल्या आधारापासून सुटली की मरते. घर सुटले की जगायचे नाही, असा तिचा धर्म. कर्कपेशी मात्र सुटूनही जगते, आणि म्हणूनच ती रक्तातून वाहत दूर जाऊन बिऱ्हाड थाटते. आधार सुटण्याच्या त्या संकटात एएमपीके नावाचे, पेशीच्या ऊर्जेचा जमाखर्च पाहणारे एक प्रथिन जागे होते आणि काटकसर करून तिला तगविते, असे या मंडळींनी दाखविले आहे. काटकसरीने परमुलखात तग धरण्याची ही विद्या वाचताना आम्हांस क्षणभर हसू आले, वाचकांनाही येईल.

हे अक्काला सांगायचे नाही असे ठरविले होते. पण ती स्वयंपाकघराची किल्ली आयुष्यभर कमरेला लावून वावरलेली बाई. नवरात्रात एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारले, "खोटी किल्ली अडकवून ठेवली खरी, पण आतल्याने कुलूपच बदलले तर?" आम्ही सांगितले, की तसे होते, संशोधकांनी बदललेली कुलपेही पाहिली आहेत, आणि कुलूपच मोडून काढणारी औषधेही आता निघाली आहेत. "मग शोधताहेत तर," ती म्हणाली आणि मेथीची जुडी पुढे ओढली.

दिवाळीनंतर दाजी येऊन तिला घेऊन गेले. सहा महिन्यांच्या गोळ्या बरोबर दिल्या. बाईंच्या औषधांच्या फेऱ्या पौषात संपल्या. गाठ हाताला लागेनाशी झाली होती. संक्रांतीला मिरजेहून तिळगुळाचा डबा आला, त्यात बाईंचा वेगळा पुडा, आणि बाईंनी एळ्ळु-बेल्लची पुडी आमच्याकडून टपालाने पाठविली. त्यांची शस्त्रक्रिया गेल्या गुरुवारी झाली. काढलेला भाग तपासणीस गेला आहे. त्यात जिवंत कर्कपेशी उरल्या आहेत की नाहीत, हे कळण्यास आठदहा दिवस लागतील असे सांगतात. अक्काचा रोज रात्री फोन येतो. आपली गोळी घेतल्याचे ती एका शब्दात सांगते आणि विचारते, "बाईंचा कागद आला का?"